आत्याबाईंचे सहा प्लग

हिवरटाकळी, नजीक शहागड
ता. १४ मार्च १९३८

लालमियाँ,

सलाम. दोन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम लिफाफा पाठवतोय, म्हणजे माझं काही काम अडलंय हे तू ओळखलंच असशील. अडलंय.

मी मोटार घेतली. हैदराबादच्या एका नवाबसाहेबांच्या पदरची, विलायती, हॅव्हरस्टन नावाची, सन बावीसची. कापडी टपाची नव्हे, पक्क्या छताची बंद मोटार. सहा सिलिंडर, सत्तावीस घोडे. सात माणसं ऐसपैस बसतात. काचा खालीवर होतात, त्यातली डावीकडची फक्त खाली होते. ड्रायव्हर आणि मालक यांच्यामध्ये काचेचा पडदा आहे आणि बोलायला रबरी नळी आहे. नवाबसाहेब मागे बसून नळीतून हुकूम सोडत. आत फुलं ठेवायला चांदीची फुलदाणीसुद्धा आहे. मी तिच्यात रोज मोगरा ठेवतो.

नवाबांच्या ड्रायव्हरनं ती बीडवरून आणली. गोदावरीच्या वाळूतून मात्र चार बैलजोड्या लावून काढावी लागली. त्यात दोष वाळूचा. ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी सकाळी घाईनं निघून गेला. त्यानंतर मोटार एकदाही चालू झालेली नाही.

आता खरी अडचण ऐक. उषाचं लग्न ठरलंय, सात मे, वैशाख शुद्ध सप्तमी. मुलगा धर्मराज. जालन्याच्या मोंढ्यात अडत करतात त्या बद्रीनाथरावांचा. पोरगा सोन्यासारखा आहे. सुपारी फुटली त्या दिवशी मी भर बैठकीत बोलून बसलो, की नवरदेव जालन्याहून आमच्या मांडवापर्यंत आमच्या मोटारीतून येईल. बद्रीनाथरावांनी ते जालनाभर केलं. आता मोटार बंद आहे हे त्यांना कळलं, तर मी बोलघेवडा ठरेन आणि त्यावरचे टोमणे पोरीला सासरी आयुष्यभर ऐकावे लागतील.

मोटार गोठ्यात दार लावून ठेवली आहे. गावात सांगितलंय की ती मुहूर्ताची आहे, लग्नाआधी काढायची नाही. खरं काय ते मला, माझ्या गाडीवान कडूबाला आणि आता तुला ठाऊक. अंबडच्या शाळेत एका फळीवर बसलो त्याची शपथ, कोणापाशी बोलायचं नाही. ताबडतोब ये.

तुझा
काकासाहेब


जालना, स्टेशनाजवळ
ता. १९ मार्च १९३८

काकासाहेब,

वालेकुम सलाम. मोटार घेतलीत, मुबारक. घेण्याआधी मला विचारलं असतं तर आणखी मुबारक झालं असतं. नवाबानं ती का विकली आणि ड्रायव्हर सकाळी का पळाला, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि ते तुमच्या गोठ्यात उभं आहे.

कसम घेतली. बोलणार नाही. पण येणं जमत नाही. जिनिंगचा हंगाम चालू आहे, फॅक्टरीचं इंजिन माझ्या भरवशावर आहे. एप्रिल सरता सरता सुटी मिळेल. तोवर सांगतो ते बराबर करा.

एक, पुढच्या जाळीत पाणी भरा आणि खाली बसून बघा कुठून गळतं. ही गाडी पाणी फार पिते, तिची जातच तशी आहे. दोन, पेट्रोल खालून वर चढवणारी एक टाकी आहे, तिची नळी तुंबते. ती काढून फुंका, तोंडात पेट्रोल गेलं तर थुंका. तीन, ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, तेव्हा उतारावर उभी करू नका. चार, इंजिनाचं तेल बघा. जुनं काळं झालं असेल तर सगळं सोडून नवं घाला. सत्तावीस घोड्यांची काळजी करू नका, ते कागदावरचे आहेत. निम्मे जरी गाडीत निघाले तरी नवरदेव पोहोचेल.

कागदावर डाग पडलेत, माफी. इंजिनापाशी बसून लिहितोय. आक्कांना माझा सलाम सांगा. त्यांच्या हातची भाकरी खाऊन मी शाळा शिकलो, हे विसरलेलो नाही.

लालमियाँ


हिवरटाकळी
ता. २५ मार्च १९३८

लालमियाँ,

तुझ्या पत्रावर तेलाचे अकरा डाग होते. मी मोजले. एक डाग 'नळी'च्या डोक्यावर नेमका असा पडला होता की मी ती 'नेळी' वाचली, आणि मी आणि कडूबा अर्धा दिवस मोटारीत नेळी शोधत होतो. लिहिण्याआधी हात धूत जा.

बाकी सगळं केलं. पाणी तीन ठिकाणी गळतं. पेट्रोल थुंकलो. तेलाचा बंदोबस्त मी स्वतः केला आहे, त्यात तुला बघण्यासारखं काही नाही. उत्तम प्रतीचं आहे.

आता महत्त्वाचं. शहागडच्या टपालात लिफाफे संपलेत, नवे कधी येतील हे तिथल्या मुन्शीलाही माहीत नाही. यापुढे उघडी कार्डं; तूही कार्डच टाक, एकट्या तुझाच लिफाफा आला तर गावात संशय येईल. आमचा टपालवाला पुंजाराम येणारं-जाणारं प्रत्येक कार्ड आधी निंबाखाली बसून मोठ्यानं वाचतो आणि मग ज्याचं त्याला देतो. त्याची मावसबहीण जालन्याला बद्रीनाथरावांच्या शेजारी राहते. तेव्हा कार्डावर 'मोटार' हा शब्द येता कामा नये.

मी तोड काढली आहे. यापुढे मोटारीला 'आत्याबाई' म्हणायचं. उषाची आत्या, म्हणजे आमच्या तुळजाआक्का. अख्खं गाव त्यांना आत्याबाई म्हणतं आणि अख्खं गाव त्यांना टरकून आहे. त्यांच्या तब्येतीत कोणी नाक खुपसणार नाही. मला ही युक्ती फार आवडली आहे.

काकासाहेब


(कार्ड)
जालना, ता. ३० मार्च १९३८

काकासाहेब यांस सलाम. आत्याबाईंच्या तब्येतीचं वाचून काळजी वाटली. वय झालं आहे, धीरानं घ्या. सकाळी उन्हं अंगावर आली की उठवून पाहा. जोरजबरदस्ती नको. तरी उठल्या नाहीत तर त्यांच्या डोक्यावर ओळीनं सहा बसवलेत ते पान्यानं काढा आणि तपासायला माझ्याकडे पाठवा.

लालमियाँ


(कार्ड)
हिवरटाकळी, ता. ४ एप्रिल १९३८

लालमियाँ, आत्याबाई उठत नाहीत. काल कडूबानं पुढून दांडा घालून पुष्कळ फिरवलं. मग त्यांना दोन बैल जुंपून गोठ्यातल्या गोठ्यात ओढलं, मी मागून रेटा दिला. एकदाच मोठ्यानं खोकल्या, काळा धूर सोडला आणि गप्प झाल्या. खालून सारखं गळतं, घमेलं ठेवलं आहे. तू म्हणालास तसे त्यांचे सहाही काढले, कापसात गुंडाळले आणि कडूबाबरोबर गाडीनं पाठवले आहेत. लग्न तोंडावर आलं. काहीही कर, पण आत्याबाईंना मांडवाच्या दिवसापर्यंत उभं कर.

काकासाहेब


(कार्ड)
जालना, ता. ११ एप्रिल १९३८

काकासाहेब यांस सलाम. आत्याबाईंचे सहाही प्लग पाहिले. चार मेले. दोघांत धुगधुगी आहे, भरवसा देत नाही. काळे ठिक्कर पडलेत. पोटात काय गेलं, खरं सांगा. मी येईपर्यंत आत्याबाईंना गोठ्यातून काढून गावाबाहेर मोकळ्या रानात ठेवा. जवळ चूल, चिलीम नको. लेकरांना तर बिलकुल जाऊ देऊ नका. अल्लाच्या मर्जीनं लग्नाआधी बऱ्या होतील.

लालमियाँ


जालना, मोंढा
ता. १७ एप्रिल १९३८

राजमान्य राजेश्री काकासाहेब यांसी बद्रीनाथ याचा नमस्कार.

हे पत्र लिहिताना हात जड झाला आहे. आपल्या गावी ताऊन, म्हणजे प्लेग, शिरल्याची बातमी इकडे आली. आधी आम्ही विश्वास ठेवला नाही. पण अंबडच्या तहसिलीतून टोचणीवाले गेले, गाव उठून रानात झोपड्या घालून राहिलं, हे येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीवानांनी सांगितलं. सहा जणांना लागण होऊन चार दगावले आणि आपल्या थोरल्या भगिनी अत्यवस्थ आहेत असंही कळलं. त्यांना आम्ही सुपारीच्या दिवशी पाहिलं होतं. त्यांनी आमच्या मंडळींना चार वेळा बळेबळे पुरणपोळी वाढली होती. फार वाईट वाटलं.

आमच्या घरात, धर्मराजच्या आई द्वारकाबाईंचे दोन सख्खे भाऊ मागच्या प्लेगात एका आठवड्यात गेले. त्यांच्यापुढे या रोगाचं नावही काढता येत नाही. त्या गावी वरात न्यायची हे त्यांना कसं सांगू? माझ्या वृद्ध वडिलांची प्रकृती पाहता धर्मराजचं लग्न याच वैशाखात उरकणं भाग आहे. परतूरचं एक स्थळ पूर्वी सांगून आलं होतं, त्यांना पुन्हा निरोप धाडण्याचा घरात विचार चालू आहे. धर्मराज दोन दिवस जेवलेला नाही. महिनाअखेरीस आम्हाला काय ते ठरवावं लागेल. आपण आणि आपली मंडळी सुखरूप राहोत.

आपला
बद्रीनाथ


हिवरटाकळी, रानातून
ता. १९ एप्रिल १९३८

लाल्या,

बोलणारी मी तुळजाबाई, लिहिणारी उषी. मी बोलते तसंच लिही म्हून तिला सांगितलंय.

आरं, मी मेले म्हून समदं गाव रडून राह्यलं आन् मी चुलीपुढं भाकरी थापून राह्यले! ह्या पुंजारामानं निंबाखाली तुमची दोघांची कारडं वाचली. आधी वाचलं, आत्याबाईला बैल जुंपून ओढलं. मला! मला ओढाया बैल लागतेत व्हय रं? मंग वाचलं, आत्याबाईला प्लेग झाला, चार मेले, गावाबाहेर काढा. झालं. सांजच्या आत गाव रिकामं. कोंबड्या-बकऱ्या घिऊन समदे रानात.

मंग तहशिलीतला टोचणीवाला आल्ता. म्हन्ला, आत्याबाई कोन? म्या म्हन्लं, मी. तर दोन पावलं मागं सरला. माझ्या काखा तपासाया लागला. म्या त्याच्या डोस्क्यात लाटणं घातलं. तर म्हन्ला, वाताचा झटका आलाय, आन् चौघांनी धरून माझ्या दंडात ही भली सुई खुपसली. हात अजून वर जात न्हाई.

काकाला इचारलं तर म्हंतो, आक्का, ती आत्याबाई तू न्हाईस, ते दुसरं प्रकरन हाये. मंग दुसरी कोन? आरं लाल्या, तू त्याचा दोस्त हायेस, मला खरं सांग. त्यानं कोनी बाई ठिवलीय का? तिला सहा लेकरं हायेत म्हन, कापसात गुंडाळून तुझ्याकडं धाडली, आन् त्यातली चार गेली. मला त्या माउलीचं लई वाईट वाटून राह्यलंय. जी दोन राह्यली असतील ती मह्याकडं पाठीव. मी सांभाळते. काकाचं काय करायचं ते मंग बघते.

तुळजाबाई

लालमियाँ चाचा, हे मी उषा माझ्या मनानं लिहिते. आत्यानं ऐकू नये म्हणून वाचून दाखवणार नाही. लिफाफा नाही, म्हणून कागदाची घडी शिवून कडूबाच्या हाती देते. दुसरी बाई वगैरे काही नाही हे मला ठाऊक आहे. आज सकाळी बाबा रानात मोटारीत दार लावून बसले होते. हातात जालन्याचं पत्र होतं. समोर ड्रायव्हर नव्हता, तरी ते रबरी नळी तोंडाशी धरून कोणाला तरी 'माझी चूक झाली' म्हणत होते. तेव्हा मला सगळं कळलं. टोचणीवाल्याला त्यांनी 'गैरसमज आहे' एवढंच सांगितलं. तो म्हणाला, प्लेग लपवणारे सगळे असंच म्हणतात. मोटार बंद आहे एवढं एक वाक्य बाबांच्या तोंडातून निघत नाही.

मला हे लग्न करायचं आहे, चाचा. ते बघायला आले तेव्हा त्यांनी मला 'तुम्हाला काय आवडतं' असं विचारलं. आजवर मला कोणी विचारलं नव्हतं. मी घाबरून काहीच बोलले नाही. ते उत्तर द्यायचं राहून गेलं आहे.


जालना
ता. २१ एप्रिल १९३८

काका,

आज 'साहेब' म्हणणार नाही आणि 'तुम्ही'ही म्हणणार नाही. शाळेत म्हणत होतो तसंच म्हणतो, कारण शाळेतलाच गाढवपणा तू केला आहेस.

आधी माझी कसूर. ते कार्ड लिहिताना हात धुतले नव्हते. 'प्लग' लिहिलं आणि बोट वर टेकलं. ती मात्रा माझ्या बोटाची आहे. इंजिनाच्या तेलानं मी तुझ्या गावात प्लेग सोडला. आक्कांच्या दंडातली सुई माझ्यामुळं गेली, त्यांच्या पायावर डोकं ठेवायला मी येणारच आहे. हात धुऊन.

पण 'आत्याबाई' तुझी. माझं बोट कितीही काळं असतं, तरी कार्डावर सरळ 'मोटारीचे प्लग' असं असतं, तर मोटारीला प्लेग झाला म्हणून गाव उठलं असतं का?

बद्रीनाथरावांची अडत माझ्या शेडपासून दोनशे पावलांवर आहे. चार मेलेले प्लग या घटकेला माझ्यासमोर आहेत. जाऊन त्यांच्या गादीवर ठेवले की दोन मिनिटांत सगळं मिटतं. तीनदा उठलो आणि तीनदा बसलो. तू माझ्याकडून कसम घेतलीस. मी कसम मोडत नाही, हे तुला माहीत आहे आणि आज त्याचा मला राग येतोय. तूच सोडव मला.

आणि ऐक, लिफाफा मिळाला तरी त्यात लिहू नकोस. लिफाफा फक्त बद्रीनाथराव वाचतील, आणि प्लेगची बातमी अंबडपासून परतूरपर्यंत तशीच फिरत राहील. उघडं कार्ड लिही. ज्या पुंजारामानं प्लेग वाचला, त्यालाच प्लग वाचू दे. बातमी ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं परत येईल.

मोटारीपायी लोक तुला हसतील. हसू दे. मी तर पहिल्या पत्रापासून हसतोय, तुला काही झालं का? पोरीचा विचार कर.

लाल्या


(कार्ड)
हिवरटाकळी, ता. २३ एप्रिल १९३८

राजश्री बद्रीनाथराव यांस काकासाहेबाचा नमस्कार.

हे कार्ड मुद्दाम उघडं लिहिलं आहे. वाटेत ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. पुंजारामानं निंबाखाली दोनदा वाचावं.

माझ्या गावात प्लेग नाही, कधीच नव्हता. माझी बहीण ठणठणीत आहे. आत्याबाई म्हणजे माझी मोटार. ती आल्या दिवसापासून बंद आहे. आपल्याला कळू नये म्हणून मी तिला बहिणीचं नाव दिलं. चार मेले ते मोटारीच्या सहा सिलिंडरांचे प्लग. तेही माझ्याच हातून मेले, कारण इंजिनाच्या तेलाला वास येतो म्हणून मी तिच्यात घरच्या घाण्याचं करडीचं तेल पाच शेर ओतलं. हे मी माझ्या मिस्त्रीलाही सांगितलं नव्हतं, त्यानं ते आता वाचावं. त्याला माझ्या शपथेतून सोडलं आहे. मेलेले चौघे त्याच्याकडे आहेत, आपण डोळ्यांनी पाहावेत.

नवरदेव मोटारीतून आणीन असं मी म्हणालो होतो. आणता येणार नाही. मी आपल्याशी खोटं वागलो, त्याची जी शिक्षा असेल ती मला करावी. माझ्या उषाला करू नये. तिला यातलं काही माहीत नव्हतं. पोर माझी फार गुणी आहे.

काकासाहेब


(कार्ड)
जालना, मोंढा, ता. २७ एप्रिल १९३८

काकासाहेब यांस नमस्कार. मीही कार्डच लिहितो आहे.

आपलं कार्ड माझ्या हाती पडण्याआधी मोंढ्यातल्या तिघांनी मला त्यातला मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवला. मागोमाग लालमियाँ मिस्त्री आले. रुमालात चार प्लग होते, ते त्यांनी गादीवर मांडले. सौ. द्वारकाबाई आतून आल्या, त्यांनी एकेक उचलून पाहिला आणि विचारलं, "मेले ते हेच?" मिस्त्री म्हणाले, "हेच, बाईसाहेब." त्या खाली बसल्या आणि इतक्या रडल्या की आम्ही घाबरलो, मग हसायला लागल्या. भाऊ गेले त्यानंतर त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्याबद्दल आपले उपकार मानावे की काय, ते समजत नाही.

शिक्षा करावी असं आपण लिहिलंत. आता माझंही एक ऐका. मला मोटार लागते. बसलो की दोन मैलांत ओकारी होते. आपण बैठकीत मोटारीचं बोललात तेव्हापासून मला झोप नव्हती, आणि जालनाभर सांगून बसलो होतो म्हणून नाही म्हणता येत नव्हतं. तेव्हा आम्ही दमणीतून, बैलांच्या पायांनी, सात तारखेला येत आहोत. परतूरला निरोप गेला नाही. तहसिलीतून गाव मोकळं झाल्याचा कागद तेवढा घेऊन ठेवावा. धर्मराज जेवला. त्यानं मिस्त्रींकडून एक मेलेला प्लग मागून घेतला आहे, कशाला ते सांगत नाही.

बद्रीनाथ


(कार्ड)
हिवरटाकळी, ता. १३ मे १९३८

लालमियाँ, सलाम. तू आठ तारखेला गेलास त्यानंतरची हकीकत.

उषाचं पत्र आलं. सुखात आहे. तिच्या देवळीत तो मेलेला प्लग ठेवला आहे. धर्मराजांनी पहिल्याच दिवशी तो तिच्या हातावर ठेवला आणि 'तुम्हाला काय आवडतं' हा प्रश्न पुन्हा विचारला म्हणे. यावेळी तिनं उत्तर दिलं. काय दिलं ते बापाला लिहिलेलं नाही.

तू बसवलेल्या प्लगांवर मोटार परवा चार मैल चालली. आक्कांना शहागडला गोदागंगेवर नेलं. त्या मागे बसल्या. परतताना मधेच धूर सोडून थांबली. मी खाली उतरलो, सहाही काढले, तू शिकवलंस तसे रेतीकागदानं घासले. आक्का काच वर करून आतून नळीत बोलत होत्या, "काका, नीट पूस. त्या कोपऱ्यातलं राह्यलं. फुंक मार. आन् खबरदार, पुन्हा हिला महं नाव देशील तर." तासाभरानं चालू झाली. घरी येईपर्यंत त्यांनी नळी सोडली नाही.

नाव बदलायला मी तयार आहे, गाव तयार नाही. वाटेत जो भेटतो तो विचारतो, आत्याबाई आज उठल्या का? आक्का म्हणतात, उठले, बोल. त्यामुळे आता लोक कोणाची चौकशी करतात ते मलाच कळेनासं झालं आहे.

आत्याबाईंचे सहाही प्लग जिवंत आहेत. त्या शब्दाच्या डोक्यावर जो काळा डाग दिसतो, तो माझ्या बोटाचा आहे. मात्रा नाही. पुंजाराम, नीट वाच.

काकासाहेब